माझ्या तोंडी एकच वाक्य

मित्रांनो, माझा चेहरा पाहून घाबरू नका. हे सुळे, कपाळावरचे पांढरे पट्टे, डोक्यावरची पिसं, सगळं घाबरवण्यासाठीच केलेलं आहे. मी फायबरचा मुखवटा आहे. रहाटणीतल्या एका व्यापारी संकुलात, बिनखिडकीच्या एका खोलीच्या दारावर, मी आतल्या बाजूने बसवलेला आहे. खोलीत प्लायवूडचं मंदिर आहे आणि मी त्या मंदिराची राखण करणाऱ्या टोळीचा सरदार. ही टोळी जगात कुठेही नाही.

माझा जन्म भोसरीतल्या एका शेडमध्ये झाला. तिथले शौकतभाई एरवी बसचे बंपर बनवत. साच्यात काचतंतूंचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन चोपडायचं, सुकलं की ठोकून बाहेर काढायचं. आमच्या खोलीचे मालक त्यांच्याकडे मोबाइलवर साहसपटांतली चित्रं घेऊन आले. एका सिनेमातले दात, दुसऱ्यातली पिसं, तिसऱ्यातले पट्टे.

“शेठ, ही माणसं राहतात कुठं?” शौकतभाईंनी विचारलं.

“कुठंच नाही. सिनेमातली आहेत. देवळाची राखण करतात.”

“ती झाली ड्युटी. घरी गेल्यावर काय करतात?”

“भाऊ, तुम्ही दात मोठे करा.”

शौकतभाईंनी दात मोठे केले. पण ओल्या रेझिनला धूळ चिकटावी तसा तो प्रश्न मला चिकटला. माझी टोळी जेवते काय? तिच्यात म्हातारी माणसं आहेत का? मुलं भांडतात का? मला काहीच सांगितलेलं नाही. माझ्या घशात एक स्पीकर बसवला आणि त्यात एकच वाक्य भरलं: “मागे फिरा! ही जागा पवित्र आहे!” हनुवटीखाली हालचाल टिपणारा सेन्सर आहे. समोर कोणी हललं की मी गर्जतो. गर्जायचं की नाही, हे माझ्या हातात नाही.

माझ्या पाठीमागे विद्युतचुंबक आहे. त्यातून वीज वाहते तोवर तो दार घट्ट धरून ठेवतो. वीज थांबली की चुंबकत्व जातं आणि दार सुटतं. खेळ असा, की लोकांनी बॅगा आणि मोबाइल बाहेर ठेवून आत यायचं, कोडी सोडवायची आणि तासाभरात दार उघडायचं. बहुतेक जण हिंजवडीच्या कंपन्यांतून येत. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. माझ्यासोबत फोटो काढता येत नाहीत म्हणून लोक हळहळायचे. पुढे पिसांवर धूळ बसली, ती कोणी झटकली नाही.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. वीज गेली की दार आपोआप उघडायचं आणि खेळ मोडायचा. लोक तक्रार करू लागले, म्हणून मालकांनी चुंबक, माझा घसा आणि माझ्या डोळ्यांतले लाल दिवे थेट इन्व्हर्टरला जोडले. बाहेरच्या काउंटरवर महेक नावाची मुलगी बसते. तिच्याकडे दार उघडायचं बटण होतं.

“सर, मग लाइट गेल्यावर माझं बटण कसं चालणार?” तिने विचारलं.

“लाइट असताना चालतंय ना? मग झालं.”

इन्व्हर्टर मालकांच्या केबिनमध्ये होता आणि केबिनची किल्ली त्यांच्या खिशात.

अशाच एका गुरुवारी दुपारी, मालक बाहेर गेलेले असताना, दीक्षा, नवनाथ आणि त्यांचे दोन सहकारी आत आले. खेळातला खोटा धूर नुकताच सुटला होता आणि वीज गेली. धूर बाहेर ओढणारा पंखा थांबला. उजेड उरला तो फक्त माझ्या लाल डोळ्यांचा.

“काय भारी इफेक्ट आहे राव!” नवनाथ ओरडला.

दीक्षा खोकू लागली.

“दीक्षा, ॲक्टिंग पुरे. बक्षीस नाहीये.”

तिला दमा होता. तिचा पंप बाहेर, बॅगेत होता; बॅग ठेवताना तिने महेकला तसं सांगितलंही होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा नवनाथचं हसू थांबलं. ते तिघे दाराला हिसके देऊ लागले. चुंबक सुटेना. आणि मी? त्यांच्या प्रत्येक हालचालीला गर्जत होतो. मागे फिरा! ही जागा पवित्र आहे!

दाराच्या पलीकडे महेक तीच बॅग छातीशी धरून ओरडत होती. मला ऐकू येत होतं. “मुखवटा फोडा! मागची लाल वायर ओढा!” पण आतले लोक कान देण्यासाठी दाराजवळ येत, की माझाच आवाज तिच्या शब्दांवर पडत होता. मित्रांनो, त्या क्षणी मला माझं तोंड बंद करायचं होतं आणि माझं तोंड माझं नव्हतं.

दीक्षाच्या अंगात हलायचं त्राण नव्हतं. म्हणूनच बहुधा तिच्या लक्षात आलं. सगळे क्षणभर थबकले की मी गप्प होतो, आणि मग पलीकडून काहीतरी बारीक ऐकू येतं. तिने नवनाथची पँट ओढली आणि तळहात वर धरला. थांबा.

“हलू नका रे कोणी!” नवनाथ म्हणाला.

चौघेही पुतळ्यासारखे राहिले. मी गप्प झालो.

“...मुखवटा फोडा! बारा व्होल्ट आहे, शॉक नाही लागत! दादा, फोडा ना!”

नवनाथने मंदिरातला भाला उचलला. मी त्याच्या तोंडावर गर्जलो. त्याने वार केला. कपाळापासून जबड्यापर्यंत मी फाटलो. त्याने आत हात घालून वायर ओढली आणि दार सुटलं. महेक अक्षरशः आत पडली. पंप दीक्षाच्या ओठांशी गेला. थोड्या वेळाने तिने पहिला नीट श्वास घेतला.

संध्याकाळी महेकने मालकांना सांगितलं, “आतल्या बाजूला दार सोडायचं बटण लावा, विजेशिवाय चालणारं. नाहीतर उद्या काउंटरवर तुम्हीच बसा.” बटण लागलं. मलाही पुट्टी भरून परत दारावर चढवलं. चीर अजून दिसते. घशात तेच वाक्य आहे.

मित्रांनो, कुलूप करणाऱ्याने ते उघडण्याची सोय आधी करावी, ही गोष्ट महेकने सांगितलीच. माझी विनंती वेगळी आहे. तुम्ही मोठे होऊन सिनेमे काढाल, गोष्टी लिहाल, खेळ बनवाल. तेव्हा कोणालाही रंग फासून, हातात भाला आणि तोंडात एकच वाक्य देऊन दारावर उभं करू नका. त्याला आणखी चार शब्द द्या. निदान एवढे, की आत कोणी गुदमरत असेल तर त्याला ओरडून सांगता यावं: धावा, हिला श्वास घेता येत नाही.