ताईच्या हातावरचा प्रकाश

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर प्रकाशबाबा माझ्या ताईचा हात उंच धरून उभे होते. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरे चट्टे.

"प्रकाश आतून बाहेर येतोय," बाबा म्हणाले. "कॅन्सर म्हणजे काळोख. माझ्या एका नजरेत पळाला."

लोक रडत होते. मला रडूही येत नव्हतं. ताईच्या तळपायावरच्या काळ्या डागाला डॉक्टरांनी कॅन्सर हे नाव दिलं, तेव्हापासून मी बधिरच झालो होतो.

"आता सुई बंद," बाबांनी बजावलं. "औषधाने प्रकाश विझतो."

भाऊजींनी मान डोलावली. ताईच्या कॅन्सरच्या औषधाची पुढची सलाईन दुसऱ्याच दिवशी होती.

घरी मी विचारलं, "चट्टे सभेच्या आधीपासूनच होते ना?"

"होते," ताई म्हणाली. "पण एवढ्या गर्दीत बाबांनी मलाच कसं बोलावलं?"

मला सभागृहाचं दार आठवलं. शुद्धीच्या नावाखाली सेवेकरी प्रत्येकाच्या हातांवर पाणी घालत होते. ताईचे हात बघून त्यांनी तिला थेट पहिल्या रांगेत बसवलं होतं. अंतर्ज्ञान कसलं डोंबलाचं.

सकाळी दोघांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

"शरीरात पहारेकरी पेशी असतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना ब्रेक असतो. कॅन्सर तोच दाबून धरतो, आमचं औषध तो सोडवतं. मग त्या पेशी गाठीवर तुटून पडतात. कधी कधी कातडीला रंग देणाऱ्या निरोगी पेशींवरही, कारण हा कॅन्सर त्याच जातीच्या पेशींचा. म्हणून चट्टे."

"म्हणजे ही औषधाची खूण?" भाऊजींनी विचारलं.

"हो, आणि बहुधा चांगली. पण सगळ्यांना चट्टे येत नाहीत, सगळे बरेही होत नाहीत." त्यांनी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "तिथे एक शिक्षिका बसायच्या. चट्टे नव्हते, तरी गाठी आटत होत्या. बाबांनी त्यांची श्रद्धा कच्ची ठरवली आणि औषध सोडायला लावलं. परत आल्या तेव्हा फार उशीर झाला होता."

भाऊजींनीच ताईची बाही वर सरकवली. सलाईन सुरू झाली.

सभागृह पुन्हा भरेल. तिथे जाण्याआधी एवढंच विचारा, आधी काय आलं, चट्टे की बाबा? ताई हात पुढे करून सांगेल. त्या शिक्षिकेला मात्र आता काहीच विचारता येणार नाही.