शिकाऊ फोल्डर

तेजलने प्रिंटरमधून आलेलं लेबल सोलून संगणक विभागाच्या अर्चना मॅडमच्या टेबलावर चिकटवलं. हे पाचवं. मॅडमनी सकाळपासून प्रोग्राममध्ये तीनदा नवा पत्ता घातला, सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला, आणि हा पठ्ठ्या आपला जुनाच पत्ता छापतोय. लेबलांवाचून बोईसरच्या त्यांच्या औषध कारखान्याच्या गेटवर ट्रक खोळंबला होता.

वर्षभर शिकाऊ असलेल्या तेजलला ठेवायचं की घरी पाठवायचं, ते याच आठवड्यात ठरणार होतं. तिची आई नवसी खाली पॅकिंगला, खोक्यांवर हीच लेबलं चिकटवायची. पावसाळ्यापासून लेबलं एकदाही अडली नाहीत, कुणा हुशार माणसाचं काम दिसतंय, असं ती रोज जेवताना म्हणायची. तेजल खाली मान घालून जेवत राहायची.

तोंड उघडावं की गप्प बसावं, तेजलला कळेना. शेवटी तिने विचारलंच.

"मॅडम, आपण बदलतोय तोच प्रोग्राम चालतोय कशावरून?"

मॅडमनी खुर्ची तिला दिली. तेजलने चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. फायलींत शोधाशोध नाही. जो आत्ता चालतोय त्यालाच सरळ विचारायचं, बाबा रे, तू कुठल्या फोल्डरातून सुरू झालास? उत्तर एका ओळीत आलं. सर्व्हर, मग शिकाऊ, मग तेजल, मग सराव.

हा तर तिनेच सरावासाठी लिहिलेला लेबलांचा प्रोग्राम. मॅडमनी 'शिकण्यापुरता ठीक' म्हटलं, त्या दिवशी ती घरी जाऊन जेवलीही नव्हती.

मॅडमनी वाकून ती ओळ पुन्हा वाचली.

"पावसाळ्यात विकतचा प्रोग्राम सारखा अडकायचा. दोन दिवसांपुरता तुझा लावला होता. काढायचा राहूनच गेला बघ."

दोन दिवसांचे सात महिने झाले होते. तेजलने तिथे पत्ता बदलला, लेबल बरोबर आलं, ट्रक सुटला. मॅडमनी तिच्यासमोरच मोठ्या साहेबांना फोन लावला. स्वतःच्या विसरण्यासकट सगळं सांगितलं, आणि ही मुलगी मला हवीच, असंही.

संध्याकाळी गेटबाहेर तेजलने आईला हे सांगितलं, तेव्हा नवसी चालता चालता थांबली. पदराला चिकटलेला लेबलाचा तुकडा तिने काढला, फेकायला गेली आणि नीट घडी करून बटव्यात ठेवला.

"म्हंजे इतकं दिवस मी तुझीच तारीफ करत होती? आन तू खाली मान घालून जेवत होतीस?"

रिक्षात पॅकिंगच्या चार बायका बसल्या होत्या. भरलेली रिक्षा निघतच होती, तरी नवसीने ती थांबवली आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.