बेंबी धरून

सासूबाईंना मी शब्द दिला होता. तीन भोकं, चीर नाही, आठ दिवसांत तुम्ही जमिनीवर पाय पसरून बसाल.

पाय पसरून बसणं हाच मुख्य मुद्दा होता. माझी बायको संघमित्रा आठव्या महिन्यात होती आणि बाळाला न्हाऊ घालणं हे शांताबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं खातं. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळ नडग्यांवर आडवं, मग तेल, मग पाणी, मग शेक. विक्रोळीच्या आमच्या चाळीत चाळीसएक पोरं त्यांनी अशी न्हाऊन काढलीत. त्यातली काही आता पार्किंगवरून माझ्याशी भांडतात. आणि नेमके आत्ताच त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले.

"निघू दे खडे," त्या म्हणाल्या. "तांदळात नसतात का? मी काही पोट फाडून घेणार नाही. मग बाळाला न्हाऊ कोण घालणार? तुम्ही?"

यावर सगळे हसले. मीही हसलो. जावयाने हसायचंच असतं.

म्हणून मी मुलुंडचे डॉक्टर नेव्हिल शोधून काढले. ते दुर्बिणीने ऑपरेशन करतात.

"दुर्बिणीने? म्हणजे लांबून?" सासूबाईंनी विचारलं. "मग मी विक्रोळीतच झोपते की. त्याला तिकडून दिसेल."

डॉक्टर नेव्हिल मरोळच्या गावठाणातले. मराठी फर्डं, फक्त मधेच इंग्रजी शब्द खड्यासारखा लागायचा. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. "चार भोकं."

"तीन ना?" मी घाबरून म्हणालो. मी घरी तीन सांगून बसलो होतो.

"चार. एक बेंबीतून."

"बेंबी धरायची नाही," भीमराज मामा म्हणाले. "ती आधीचीच आहे. तीन."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "चला, तीन."

मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. तीस वर्षं कंपनीत युनियन चालवली, आता बुद्धविहाराचे सेक्रेटरी. बॅगेत कायम लेटरहेड आणि शिक्का. जगात काही चुकलं की मामा निवेदन देतात. एकदा गल्लीतल्या कुत्र्याच्या भुंकण्याबद्दल दिलं होतं, तर कुत्र्याची बदली झाली. तेव्हापासून त्यांचा निवेदनावर फार विश्वास.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टर आयरीनने माझ्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. सगळं इंग्रजीत. "फुली मारलीय तिथे सही करा. नऊ ठिकाणी." मी फुल्या शोधत सह्या केल्या. मामा म्हणाले, "वाचा जरा." मी म्हणालो, "मामा, सगळ्यांची तीच भाषा असते." हे वाक्य पुढे माझ्याच अंगावर आलं.

एक तास लागेल म्हणाले होते. अडीच तास झाले. संघमित्राचे घरून सतरा फोन. मामांनी लेटरहेड बाहेर काढून नुसतंच मांडीवर ठेवलं, विषय मिळायची वाट बघत.

शेवटी दार उघडून डॉक्टर नेव्हिल आले. टोपी घामाने डोक्याला चिकटलेली.

"पेशंट व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "पण कन्व्हर्ट करावं लागलं."

मामा उठले. "काय करावं लागलं?"

"कन्व्हर्ट."

"कुणाला?"

"शांताबाईंना."

मामांनी एकदा डॉक्टरांच्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या मदर मेरीच्या फोटोकडे, आणि मग बराच वेळ माझ्याकडे.

"तिला विचारलं?"

"त्या बेशुद्ध होत्या ना."

"बेशुद्ध बाईला केलं?"

"शुद्धीतल्या बाईला कसं करणार?" डॉक्टर चक्रावले.

"आमच्या बापाने छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली," मामांचा आवाज चढला. "पूर्ण शुद्धीत. स्वतःच्या पायावर उभं राहून."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, मामा खानदानाचा मेडिकल इतिहास सांगतायत. "त्यांनापण खडे होते का?"

मी मधे पडलो. "डॉक्टर, पण असं अचानक का?"

"अहो, मी दीड तास टाळलं! आत सगळं एकमेकांना चिकटलेलं. मी रोझारिओ सरांना फोन केला, ते माझे गुरू. सर म्हणाले, 'नेव्हिल, लाजू नकोस, कन्व्हर्ट करून टाक.' सर आले, शेजारी उभे राहिले, मग केलं."

"साक्षीदारपण आणला होता," मामा मला म्हणाले.

"शंभरात चार-पाच जणांना करावंच लागतं. काही सर्जन लपवतात. मी तोंडावर सांगतो."

"शंभरात पाच!" मामांनी लेटरहेडवर आकडा टिपला.

माझ्या डोक्याचं भरीत झालेलं. तरी मला एक धागा सापडल्यासारखं वाटलं आणि मी विचारलं, "पाणी... पाणी शिंपडलं का?"

"शिंपडलं? दोन लिटरने धुतलं. आतून."

मामा बाकावर बसले. जरा वेळाने अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "नाव काय?"

"कशाचं?"

"आता जे काय झालं त्याचं."

"ओपन कोलेसिस्टेक्टमी."

मामांनी 'ओपन' लिहिलं, 'को' लिहिलं, आणि पेन खाली ठेवलं. "शांता एवढं लांब नाव सांगणार कशी रे रेशनवाल्याला?"

"पण यांची सही आहे ना!" आता डॉक्टरही चिडले आणि फाइल उघडून माझ्यासमोर धरली. सातव्या पानावर ठळक अक्षरांत होतं: कन्सेंट फॉर कन्व्हर्जन. खाली माझी वळणदार सही. शेजारी आयरीनची पेन्सिलची फुली.

"आणि वर क्रॉस," मामा म्हणाले. "जावईबापू, तुम्ही क्रॉसवर सही केलीत. नऊ वेळा."

मला खरंच कळेना, मी काय केलंय ते. मी सासूबाईंचं पित्ताशय काढायला आणलं होतं की त्यांना दुसरीकडे दिलं होतं?

एवढ्यात सिस्टर आयरीन ट्रे घेऊन बाहेर आली. तिने आमची तिघांची तोंडं बघितली, मामांचं लेटरहेड बघितलं. "काय झालंय इथं?"

"बहिणीला कन्व्हर्ट केलं म्हणतात!"

"मग? दुर्बिणीने जमेना, म्हणून दुर्बीण काढली आणि पोट उघडून केलं. त्यालाच कन्व्हर्ट म्हणतात. नेव्हिल डॉक्टर, तुम्ही मराठीत का नाही बोलत हो?"

"मी मराठीतच बोलतोय!"

मामांचा चेहरा असा काही खुलला की बघत राहावं.

"म्हणजे पोट फाडलं?"

"हो."

"फक्त पोटच?"

"फक्त पोट."

"मग असं सांगा ना!" मामांनी डॉक्टरांना मिठीच मारली. "जीव काढलात की हो! झकास केलंत, फाडलंत ते!"

डॉक्टर नेव्हिल मिठीतूनच समजावू लागले. आत एक छोटी रक्तवाहिनी सुटली. दुर्बिणीचा पडदा सगळा लाल झाला, काचेवर कोणी पानाची पिंक टाकावी तसा. पित्ताची नळी कुठली आणि काय कुठलं, दिसेना. "अशा वेळी भोकातूनच करीन असा हट्ट धरला की भलतीच नळी कापली जाते. मग पेशंट वर्षभर भोगतो. उघडलं की दिसतं, हात घालता येतो, रक्त थांबतं. चीर पडली म्हणजे सर्जन हरला असं नाही हो."

"मुळीच नाही!" मामा म्हणाले. त्यांनी निवेदन मात्र लिहिलंच. विषय बदलला: 'नातेवाइकांशी समजेल असे बोलण्याबाबत'. खाली शिक्का मारला. आयरीनने ते तिथेच नोटीस बोर्डावर लावलं.

सगळे खूश होते. मी एकटाच बोटांवर आठवडे मोजत होतो. कारण जाता जाता डॉक्टर म्हणाले होते, "सहा आठवडे वजन उचलायचं नाही. जमिनीवर बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाई नीट शुद्धीवर आल्या. पहिला प्रश्न: "ऑपरेशन पोटाचं ना? मग खांदा का दुखतोय?"

"पोट फुगवायला आधी गॅस भरला होता," आयरीन म्हणाली. "थोडा राहिला की खांदा दुखतो. जाईल दोन दिवसांत."

"म्हणजे दुर्बीण नीट लागली," म्हणत सासूबाईंनी चादरीखाली हात घालून भोकं मोजायला सुरुवात केली. एक. दोन. मग हात थांबला. उजव्या बरगडीखाली वीतभर पट्टी होती. त्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"हे कितवं भोक?"

मी सगळं सांगितलं. दीक्षा, क्रूस, पाणी, रेशनवाला, सगळं. त्या हसायला लागल्या आणि टाके ओढले तशा कळवळल्या. "नका ना हो सांगू!" मग डोळे छताकडे.

"सहा आठवडे?"

"हो."

"आणि संघमित्राला चार आठवडे राहिलेत."

"हो."

"मग बाळाला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. एवढी बोलकी बाई, पण तेवढंच. मला वाटलं, यापेक्षा मामांसारखं ओरडल्या असत्या तर बरं.

मुलगी झाली. घरी आल्यावर पहिल्या सकाळी सासूबाई मोरीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, पोटाशी उशी दाबून. पाटावर मी. बर्म्युडा घालून, पाय लांब करून. नडग्यांवर ती एवढीशी, तेलाने निसरडी, आणि मला तिच्याहून जास्त रडू येत होतं.

"डोकं पावलांकडे घ्या. मान धरा. अहो, मान! आता कान झाका."

मी कान झाकले.

"अरे गाढवा, तिचे! स्वतःचे काय झाकतोस!"

लग्नाला तीन वर्षं झाली होती. मी 'तुम्ही'चा 'तू' झालो तो त्या मोरीत. मग रोजच झालं. पाणी कोपराने बघ रे. नाकात गेलं रे मेल्या. उबेत धर. आठवड्याभरात पोरगी माझ्या पायांवर जांभया द्यायला लागली. समोरच्या खोलीतली दीप्ती तिचं बाळ दाखवायला आली आणि माझी पद्धत बघून गेली.

मग एका सकाळी मी पाटावर बसून पोरीला नडग्यांवर घेतोय, तर सासूबाई खुर्चीतून उठून पदर खोचत आल्या. "सहा आठवडे झाले आज. सरक."

मी पाटावरच बसून राहिलो.

"आठ," मी म्हणालो. "डॉक्टर आठ म्हणाले होते."

"सहा म्हणाला होतास तू."

"सहा बेंबी न धरता," मी म्हणालो. "बेंबी धरून आठ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या नडग्यांवर हातपाय झाडणाऱ्या पोरीकडे. मग खुर्ची थोडी पुढे ओढून त्या परत बसल्या.

"कान झाक," त्या म्हणाल्या. "तिचे."