सुवान हाक मारत नसे

"बसनं? व्हीलचेअर घेऊन?" राम्लीने विचारले.

"आठवड्यातनं दोनदा इस्पितळात, पाच महिने," बेंग हुआत म्हणाला. "बसचा थांबा माझ्या दुकानासमोरच आहे. मी दोनदा लॉरी काढली, पण नोईला लॉरीच्या पायरीवर पाय टाकवेना. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला बोलला नाही तो."

"सुवान? अन् बोलणार?"

राम्लीने मान खाली घातली. तो या शाळेचा कारकून. हजेरीपटांशी संसार करत त्याने एकतीस वर्षे काढली होती. मैदानावर शिबिराचे तंबू उभे राहत होते आणि हार्डवेअरवाला बेंग हुआत त्यासाठी दोर घेऊन आला होता. त्यांचा तिसरा दोस्त सुवान. त्याची बायको नोई जाऊन अकरा दिवस झाले होते. विहारातल्या अंत्यसंस्काराला राम्ली गेला होता आणि मागे उभा राहून परतला होता. ती आजारी आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होते. त्याच्या दारात गाडी होती. लागले तर सुवान सांगेल, असे म्हणत त्याने पाच महिने घालवले होते. दुसऱ्या कोणी असे म्हटले असते तर चालले असते, पण राम्लीने म्हणायला नको होते.

कारण याच मैदानावर, एकेचाळीस वर्षांपूर्वी मार्चच्या सुट्टीत, तिघांचे दहा दिवसांचे शिबिर झाले होते. तिघेही पंधरा वर्षांचे, शाळेच्या ताक्रॉ संघातले. वेताचा चेंडू हात न लावता जाळीपलीकडे मारायचा आणि संघात माणसे तीनच. बेंग हुआत सुरुवात करून द्यायचा, राम्ली पायाने चेंडू उंच उचलून द्यायचा आणि सुवान हवेत उलटा होऊन तो हाणायचा. निदान बेत तरी तसा होता. सुवान सयामी, म्हणजे थाई, वस्तीतला, पहाटे बापाबरोबर रबराच्या झाडांना चिरा देऊन मग शाळेत येणारा. त्याची उडी पाहून शिक्षकही चालता चालता थबकत. पण मारणाऱ्याने "दे!" अशी हाक द्यायची असते आणि हा पठ्ठ्या तोंडच उघडत नसे. चार दिवस चेंडू नुसता जमिनीवर पडत राहिला.

"मुका आहेस का रे?" राम्ली एकदा खेकसलाच.

सुवानने मान हलवली, म्हणजे नाही.

खेळाचे चेगू, म्हणजे गुरुजी, इद्रिस शिट्टी गळ्यात अडकवून सगळे बघत होते. "राम्ली, तू त्याला देत का नाहीस?"

"तो मागतच नाही, चेगू."

"बरं, जेवायला बसा."

शिबिरात तिघांनी एकाच परातीत जेवायचे, हा चेगूंचा नियम होता. भाताचा ढीग, वर कालवण आणि तीन तळलेले बांगडे. बेंग हुआत जेवायचा म्हणजे तुटून पडायचा. त्या दुपारी राम्ली रुसलेला होता, म्हणून त्याचा हात सावकाश चालला होता आणि म्हणूनच त्याला दिसले. सुवान आपल्या पुढ्यातला कोरडा भात तेवढा खात होता. बेंग हुआतचा हात तिसऱ्या बांगड्यावर गेला. सुवानने तो जाताना पाहिला आणि पुन्हा भाताचा घास घेतला. चार दिवस आपण दोघे तिघांचे मासे खातोय, हे राम्लीच्या तेव्हा ध्यानात आले.

"ठेव तो," राम्ली म्हणाला.

"अरे, त्याला नकोय," बेंग हुआत म्हणाला.

"विचारलंस?"

राम्लीने काटे काढले आणि बांगडा सुवानपुढे सरकवला. सुवानने डोक्यासकट तो संपवला. घरी नऊ भावंडे, कोणी वाढल्याशिवाय हात पुढे करायचा नाही, हे त्याने पुढे केव्हातरी एका वाक्यात सांगितले.

दुसऱ्या दिवशी राम्लीने हाकेची वाट पाहिली नाही. सुवान जाळीशी उभा होता आणि राम्लीने चेंडू सरळ त्याच्या उजव्या खांद्याच्या वर चढवून दिला. सुवान उडाला. चेंडू पलीकडे आपटून थेट कँटीनच्या दारात गेला.

"पोट भरलं वाटतं पोराचं," आतून स्वयंपाकीण तिमा म्हणाली.

त्या वर्षी ते जिल्ह्यात दुसरे आले. पहिलेही आले असते, पण ऐन वेळी बेंग हुआतच्या पोटात कळा आल्या. काय दिवस होते ते! वर्गात बाके जोडून झोपायचे, फळ्यावर ओले बनियन वाळत घालायचे आणि अंधारात नुसत्या श्वासावरून कोण जागा आहे ते ओळखायचे. राम्लीला पुढे आयुष्यात इतक्या जवळून कोणी कळले नाही. बायकोसुद्धा नाही, आणि हे बायकोलाही माहीत होते.

"तंबू तू मोजून घे," असे बेंग हुआतला सांगून राम्ली गाडीत बसला आणि सुवानच्या घरी गेला.

सुवान अंगणात होता. मिटलेल्या व्हीलचेअरला दोरी बांधत होता.

"कुठं निघालास?"

"इस्पितळात. खुर्ची त्यांची आहे, द्यायला हवी."

"गाडी आणलीय."

"बस आहे की आता."

राम्लीने वाद घातला नाही. त्याच्या हातातली खुर्ची घेतली आणि डिकीत टाकली. सुवान पुढच्या सीटवर येऊन बसला.

भातखाचरे मागे पडली तेव्हा राम्ली म्हणाला, "चुकलं माझं. मी बघत बसलो, तू कधी सांगतोस ते."

सुवान बाहेर बघत होता. "नोई म्हणायची, राम्लीला सांगा. मी म्हणायचो, उद्या सांगतो."

राम्लीचे डोळे भरून आले आणि त्याने गाडी उगाच हळू केली.

कांगार शहरातल्या इस्पितळाशी त्याने खुर्ची काढून उघडून दिली. "जा तू. मी इथं सावलीत थांबतो."

सुवान खुर्ची ढकलत दहा पावले गेला आणि थांबला. त्याने मागे वळून पाहिले नाही.

"राम्ली."

"काय रे?"

"आत चल ना माझ्याबरोबर. मला एकट्याला जमणार नाही."

राम्ली गेला. दोघांनी एकेक मूठ धरली. रिकामी खुर्ची हलकी होती आणि सारखी एका बाजूला ओढत होती. तिला सरळ ठेवत दोघे लांबलचक व्हरांड्यातून चालत राहिले.