तिसऱ्या टेकाडामागचा वाळुंज

थंड वाळवंटाच्या कडेला वसलेल्या आमच्या गावात घरांची दारं आत उघडतात. बाहेर उघडणारी असती तर वाऱ्याच्या रात्रीनंतर वाळूनं आम्हाला घरातच कोंडून ठेवलं असतं. मी लग्न होऊन आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्या हातात फावडं दिलं. म्हणाल्या, "चूल मागाहून. आधी उंबरा मोकळा करायचा."

दारामागच्या खिळ्याला एक लाल दोरी असायची. धुळीचा पिवळा वारा सुटून भरदुपारी दिवा लावावा लागला, की त्या दिवसाची एक गाठ. दर वर्षी नवी दोरी. माझ्या लग्नाच्या वर्षी एक्केचाळीस गाठी झाल्या होत्या. मुठीत धरली तर काटेरी फांदीसारखी टोचायची.

त्याच वर्षी सासूबाईंनी वाळुंज लावायला घेतला. वाळूत वाढतो तो बुटका, झुडपी वाळुंज. ओल्या काड्यांचे भारे पाठीवर बांधून त्या आणि सासरे टेकाड चढायचे. कमरेइतका खड्डा, त्यात काडी, वर बोटभर शेंडा. वारा तोंडात वाळू भरायचा, तरी सासूबाई गायच्या. आमच्याकडे टेकाडावर दोन-दोन ओळींचीच गाणी गातात, तिसरीला दम उरत नाही.

वाळूबाई वाळूबाई, किती गं चालशील?
माझ्या काडीच्या सावलीला घडीभर निजशील.

आणि वाळू निजली. एका वर्षात नाही, दहा-बारा वर्षांत. पूर्वी बर्फ पडलं की वारा ते उडवून न्यायचा, आता ते झुडपांच्या पायाशी साठून जमिनीत मुरू लागलं. उन्हाळ्यात पहाटे राळ्याच्या शेतात दव दिसू लागलं, कापडी जोडे भिजू लागले. पाऊस वाढला की नाही ते मला सांगता येणार नाही, पण पडलेलं पाणी पळून जाईना. दोन डोंगरांपलीकडच्या माझ्या माहेरीसुद्धा वसंतातली धूळ कमी झाली. मग बरीच वर्षं दोरीला दोन, फार तर तीन गाठी.

गेल्या वर्षीच्या वसंतात मात्र नऊ झाल्या.

वाळुंज शेंड्याकडून वाळत चालला होता. फांद्या राखाडी, हात लावला की कटकन मोडायच्या. पहिल्या टेकाडाच्या माथ्यावर वाळू पुन्हा सुटी झाली होती, आणि त्या टेकाडाच्या खाली आमचं राळ्याचं शेत होतं, शेताला लागून घर. सासूबाईंनी झाडांना पाणी घालायला सुरुवात केली. गुडघे दुखत असताना, खांद्यावर कावड घेऊन, झुडपामागून झुडूप.

वनकेंद्रातून थान नावाची मुलगी आली. पाहून म्हणाली, "आजी, पाणी नको. जमिनीत आहे तेवढं पाणी इतक्या जुन्या फांद्यांना पुरत नाहीये. थंडीत जमिनीलगत तोडा, मुळातून नवे फुटतील."

"तुझं वय काय?" सासूबाई म्हणाल्या.

"चोवीस."

"माझी काही झाडं तुझ्याहून मोठी आहेत. त्यांना तोडायला सांगतेस? पेज पी आणि नीघ."

मुलगी पेज प्यायली आणि गेली. सासूबाईंच्या रागाचं कारण मला ठाऊक होतं. सासरे टोपल्या विणायचे. दर हिवाळ्यात ते काड्या तोडायचे आणि दर हिवाळ्यात सासूबाई त्यांच्याशी भांडायच्या. "लावताना माझी कंबर मोडली, तोडताना तुमचा हात कसा थरथरत नाही?" सहा वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचा कोयता सासूबाईंनी कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला, आणि तेव्हापासून झाडांना पातं लागलं नाही.

पानगळीच्या तोंडावर आम्ही दोघी पाणी घेऊन तिसऱ्या टेकाडामागे गेलो. गुडघ्यांमुळे दोन वर्षं त्यांचं तिकडे जाणं झालं नव्हतं. वळसा घातला आणि सासूबाई थबकल्या.

समोर छातीएवढा वाळुंज, हिरवागार. काड्या सरळ, ओल्या, वाऱ्यात लवलवणाऱ्या. खालची वाळू काळसर, घट्ट. बाजूची सगळी झुडपं मेल्यासारखी आणि मधे एवढाच तुकडा जिवंत.

"बघ," त्या हळूच म्हणाल्या, "माझं ऐकलं कुणीतरी." मग वाकून त्यांनी बुडखा चाचपला. बोट तिथेच राहिलं. "चिंगह्वे, हा कोयत्याचा घाव आहे."

कुणाचा, ते विचारावं लागलं नाही. मेंढ्यांसाठी चारा कापून नेणारं आमच्या आळीत एकच घर होतं.

हाओकाका आमचे शेजारी. झाडं लावल्यापासून मोकळं चारणं बंद झालं, म्हणून त्यांच्या मेंढ्या गोठ्यात, आणि त्याचा राग सासूबाईंवर. त्यांच्या बोकडाला सासूबाईंनी एकदा फावडं मारलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. आम्ही पोचलो तेव्हा ते गोठा झाडत होते.

"चोरा!" सासूबाई दारातूनच ओरडल्या.

"या या. अकरा वर्षांनी तोंड उघडलंत, तेही शिवी द्यायला!"

"माझी झाडं तोडलीस!"

"तोडली. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, मेंढ्यांना चारा नव्हता. मेंढ्यांना तुमचे पाय धरायला लावू का?"

"लाज नाही वाटत?"

"वाटली होती. म्हणून तर मागच्या बाजूला तोडली." हाओकाकांनी झाडू खाली ठेवला. आवाज जरा उतरला. "वहिनी, भाऊ टोपल्यांसाठी दर वर्षी तोडायचा, तेव्हा एक तरी झुडूप वाळलं होतं का हो?"

 गोठ्यात बोकड ओरडला. सासूबाई पाठ फिरवून चालू लागल्या. घरी आल्यावर खालून शेक दिलेल्या मातीच्या ओट्यावर बसून राहिल्या, राळ्याची पेज थंड झाली.

"भांडायची मी," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं. म्हातारा नुसता हसायचा. सांगायचं नव्हतं का नीट?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि पेटी उघडायला उठल्या.

जमीन दगडासारखी गोठली, तेव्हा आम्ही चढलो. अशा थंडीत घाव साफ बसतो, मूळ हलत नाही. थान दोरी घेऊन आली, ओळी आखून दिल्या: एक तोडायची, एक ठेवायची, म्हणजे राहिलेली ओळ वाळू धरेल. राहिलेल्यांची पाळी पुढच्या हिवाळ्यात. हाओकाका गाडी घेऊन आले. "चारा न्यायला आलोय, मदतीला नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत राबले.

पहिला घाव सासूबाईंचा. कोयता उचलला, पण खाली येईना. मग त्या गाऊ लागल्या, नव्या दोन ओळी, त्या क्षणी सुचलेल्या:

तोडते मी तुला बाई, रागावू नको मुळी,
म्हाताऱ्याची खूण ठेव, फुटू दे गं कळी.

घाव बसला. तुटलेल्या बुडख्याच्या कडेला, राखाडी सालीच्या आत, नखाएवढं हिरवं होतं.

वसंतात पहिला पिवळा वारा आला त्या दिवशी ओळी अजून बोडक्याच होत्या. सासूबाईंनी खिडकीतून टेकाडाचा माथा धुरकटताना पाहिला आणि गाठ मारली. मग दुसरी. चौथ्या गाठीपर्यंत त्यांनी जेवण टाकलं होतं. त्यानंतर महिनाभर दोरी तशीच राहिली.

एका सकाळी मी उंबरा झाडायला दार उघडलं. झाडण्यासारखं काही नव्हतं. सासूबाई टेकाडावरून उतरत होत्या, काठी टेकत. जवळ आल्या. जोडे घोट्यापर्यंत भिजलेले.

"दव," त्या म्हणाल्या. मग दोन बोटांत अंतर धरून मला कोंबांची उंची दाखवली, जशी तान्ह्या बाळाच्या दाताची दाखवतात. "सगळ्या ओळीला."

जोडे त्यांनी उन्हात ठेवले आणि हाओकाकांच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "ओ चोर! पेज प्यायला या!"