पहिली टाळी

घटना नोंद
निवासी विशेष शाळा, तालुका घनसावंगी

१. विद्यार्थिनी: अक्षता, वय पंधरा. बोलत नाही.

मुख्याध्यापक श्रीपती सर लिहीत होते. समोर काळजीवाहक मालनबाई. या सत्रात अक्षताला दोनदा चौघांनी धरून आडवं पाडलं होतं. तिसऱ्यांदा धरावं लागलं तर तिला घरी पाठवायचं, असा संस्थेचा ठराव होता. घरी तिला खोलीत कोंडत.

२. काय घडले: सत्काराच्या वेळी विद्यार्थिनी अचानक बिथरली.

"अचानक न्हाई, सर."

"मग?"

"टाळ्या. आपल्याकडं टाळ्या वाजवायच्या न्हाईत, हात हलवायचे. अक्षताला आवाज सोसत न्हाई म्हणून तुम्हीच तसं ठरवलं. पाहुण्याला शाल घातली अन् पहिली टाळी तुमची."

"अहो, सत्कार होता. हात आपोआप जातात."

"तेच लिहा."

सरांनी 'अचानक' खोडलं. 'मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली' लिहायला त्यांना वेळ लागला.

३. धोका: विद्यार्थिनीच्या हातात सत्काराचा नारळ.

४. केलेली कृती:

(रकाना लहान. मागच्या पानावर.)

चौकीदार कडूबा चादर घेऊन धावला. चादर टाकून दाबायचं, ही जुनी रीत. मालनबाईंनी त्याला दारातच अडवलं. "पोरींना अंगणात ने. पाहुण्यांनाबी ने." शाल सावरत पाहुणे गेले. मालनबाईंनी खुर्च्या सरकवल्या, दार उघडं ठेवलं आणि अक्षतापासून दोन हात अंतरावर, जरा तिरप्या बसल्या. बोलल्या एकदाच. "मी हितंच हाय, अक्षता." नारळ दोनदा अक्षताच्या कपाळाकडे गेला; दोन्ही वेळा मधे खुर्चीवरची उशी धरली, दुसऱ्यांदा बोट नारळाखाली आलं. तिचा हात नाही धरला. मग वाट पाहिली. बावीस मिनिटांनी अक्षताने नारळ जमिनीवर ठेवला आणि स्वतःच येऊन उशीवर डोकं टेकलं.

५. इजा: विद्यार्थिनीस नाही. मालनबाई, उजव्या हाताचं बोट

"ते नका लिहू. पोरीवर येईल."

"माझी टाळी लिहायला लावली ना? मग तुमचं बोटही येणार."

"अगदी वकीलच तुम्ही."

"सुजलंय. आधी दवाखाना."

"आधी कागद."

६. किती जणांनी धरले:

सरांनी शून्य काढलं. मालनबाई वाकून बघत राहिल्या.

"जरा मोठं काढा. संस्थेच्या बैठकीत मागं बसणाऱ्यालाबी दिसू द्या."

सरांनी हसू दाबत ते गिरवलं.

७. शिफारस: विद्यार्थिनी येथेच राहील.

८. घटना कोणी हाताळली: काळजीवाहक

"हुद्दा नको," मालनबाई म्हणाल्या. "नाव लिहा. पूर्ण."