विसावं पोर

दौलतशेठनं शाळेला नवा रंग दिला, तेव्हाच हेमालीला संशय आला.

तसं त्यात वाईट काही नव्हतं. शेलार गावाच्या पुढं, गोदामांच्या रस्त्यापासून आत, जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. भिंतींवर शेवाळ, पत्र्याला भोकं. हेमालीच्या सासऱ्यांनी पदरचे पैसे घालून बाहेरून पिवळा नि आतून पोपटी रंग दिला, पंखे बसवले, गावदेवीच्या नावानं नारळ फोडला. गाव म्हणालं, दौलतशेठचं मन मोठं. पण जत्रेच्या सकाळी बोकडालाही आंघोळ घालून हळद लावतात, एवढं हेमालीला ठाऊक होतं.

ही जागा मुळात घरचीच. दौलतशेठचे वडील राघोबाबा, अंगठेबहाद्दर माणूस. त्यांनी गावदेवीपुढं उभं राहून शब्द दिला होता, ‘शाळा हाय तवर जागा शाळेची.’ त्या काळी इथं भात पिकायचं आणि जमिनीला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा शब्द देणं सोपं होतं. आता चारी बाजूंनी गोदामं उठली होती. अर्ध्या मुंबईचं सामान या शिवारात येऊन पडतं आणि रात्रंदिवस कंटेनर हलत असतात. घरची सगळी जमीन भाड्यानं गेली. मधोमध तेवढी शाळा उरली होती, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या एका दातासारखी. गोदामवाल्या कंपनीला सलग जागा हवी होती, म्हणजे ट्रेलर वळायला बरं.

दुसरा कोणी असता तर एका रविवारी जेसीबी लावून मोकळा झाला असता. दौलतशेठ तसला माणूस नव्हे. बापाचा शब्द मोडला तर देवी घर बुडवेल, याची त्यांना खरोखर भीती होती. शब्द त्यांना मोडायचा नव्हता. तो आपोआप संपावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि ती सोय सरकारनं केलेली होती. वीसच्या आत पट गेला, की शाळा मोठ्या शाळेत विलीन. पट मोजायचा दिवस तीस सप्टेंबर. मोठी शाळा म्हणजे गोदामांच्या रस्त्यापलीकडची. नकाशात बघाल तर किलोमीटरभरसुद्धा नाही. पण नकाशात ट्रेलर दाखवत नाहीत.

जूनमध्ये गावात पिवळी गाडी यायला लागली. इंग्रजी शाळेची. भाडं नाही, पहिल्या वर्षाची फी नाही, टाय आणि बूट फुकट. कायद्यानं कुठलंही पोर वर्षात कधीही, दाखल्यावाचूनसुद्धा, शाळेत घालता येतं. गरिबाच्या पोराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून केलेला चांगला कायदा. गाडीवाल्यांनाही तो तितकाच उपयोगी पडला. आठवड्याला दोन-तीन पोरं जात होती. भांडण नाही, तंटा नाही. सकाळी प्रार्थनेला ओळ थोडी आखूड दिसायची, एवढंच.

गाडी गावाबाहेरच्या आदिवासी पाड्यावर तेवढी जात नव्हती. पाड्यावरची पोरं शेजारी बसली तर बाकीच्या आया नाकं मुरडतील, असा हिशेब असणार. त्यामुळे गणपती उठेपर्यंत शाळेत पाड्यावरची पोरं उरली, आणि गावातलं एकच पोर. हेमालीची दिशा, तिसरीतली.

“वहिनी, वीस आहेत,” भूपेश सर म्हणाले. शाळेतले एकुलते एक शिक्षक. “दिशाला धरून वीस.”

“मग ठीक आहे की.”

“ठीक कसलं! रात्री झोप लागत नाही. कोणाला सर्दी झाली तरी छातीत धडधडतं. शाळा गेली की मी अतिरिक्त. मला पाठवतील कुठंतरी डोंगरात.”

“तुम्ही जाल हो डोंगरात. पाड्यावरच्या पोरांनी रस्ता कसा ओलांडायचा, ते बोला.”

त्या रस्त्यावर मागच्या वर्षी ट्रेलरखाली कोण गेलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. मोठा माणूस होता तो, स्कूटरवर होता, हेल्मेटसुद्धा होतं.

हेमाली शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. अध्यक्ष पालकांतलाच हवा असा नियम, आणि पालकांतली दहावी झालेली ती एकटीच. दिशाला या शाळेत घालायचं हे खरं तर दौलतशेठनीच ठरवलं होतं. “बाबांनी जागा दिली, तं घरातलं एक तरी पोर तिथं बसलं पायजे,” असं ते चारचौघांत म्हणाले होते. जमिनीचा भाव तेव्हा निम्मा होता.

हेमालीचं माहेर नारपोलीचं. घराला भिंत लावून लूमचा कारखाना, चोवीस तास खडखडाट. तिथली पोरं अक्षरांआधी ओठ वाचायला शिकतात. एका दुपारी ती सासऱ्यांचा डबा घेऊन गोदामाच्या ऑफिसात गेली. काचेच्या केबिनमध्ये दौलतशेठ आणि इंग्रजी शाळेच्या संस्थेचे चेअरमन समोरासमोर चहा पीत होते. आवाज बाहेर येत नव्हता. हेमालीला आवाज लागतच नव्हता.

“पट मोजला की गाडी बंद,” सासऱ्यांचे ओठ म्हणाले. “तवर डिझेल माझं.”

चेअरमन हसले, काहीतरी विचारलं.

“येकच राह्यलंय. ते घरातलंच हाय.”

हेमालीनं डबा बाहेरच्या टेबलावर ठेवला. दौलतशेठनी काचेतून मान हलवली, नेहमीसारखी, मायेनं. तेच तिला फार भयाण वाटलं. माणूस चोरी करताना निदान नजर तरी चुकवतो.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. आवाज न चढवता, आमटी ओरपत.

“सूनबाय, दिशाला सोमवारपासून गाडीत बसव.”

“मामा, एक तारखेपासून बसवते.”

ते थांबले. मग हसले. “तुला समजलंय म्हन्जे.”

“शाळा बंद पडेल, मामा.”

“मी पाडतो काय? उलट रंग दिला. मी कोनाच्या पोराला हात धरून नेला? कायदा सरकारचा, पाय पोरांचे. माझं फक्त डिझेल.”

“आणि गाडी बंद झाल्यावर? फी भरायची ऐपत नसलेल्यांनी काय करायचं?”

“रस्त्यापल्याड शाळा हाय ना. सरकारनं कायतरी इचार करूनच ठेवली असंल.”

हेमालीनं नवऱ्याकडं पाहिलं. दीपेशनं भाकरीचा तुकडा उगाच फिरवला. “आबांचं पण बरोबर आहे. आपल्या पोरीचं इंग्लिश बघ की. सगळ्या भावंडांत तीच मागं.”

आणि ते खरं होतं.

रात्री केसांना तेल लावताना दिशानं विचारलं, “आई, मी शाळेत शिकायला जाते की मोजून घ्यायला?”

“असं काय बोलतेस?”

“सर रोज आल्या आल्या मोजतात. मग परत मोजतात. मग मला म्हणतात, तू आजारी पडायचं नाही हां. शिकवत नाहीतच. काकांच्या देवेशदादाला तिकडं इंग्रजी शाळेत कॉम्प्युटर आहे.”

हेमालीचा हात पोरीच्या डोक्यावर तसाच राहिला. नियमानं पोराचा आकडा करून टाकला, असं ती समितीच्या बैठकीत तावातावानं बोलली होती. आणि घरात तिनं स्वतः वेगळं काय केलं होतं? विसावं पोर म्हणूनच तर धरून ठेवली होती लेकीला.

“तीस तारखेपर्यंत फक्त,” ती म्हणाली. “मग तू म्हणशील तसं.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, केबिनमधल्या ओठांनीही हीच तारीख दिली होती.

त्यानंतर घरात कोणी तिला काही म्हणालं नाही. उलट सगळेच गोड झाले. सासऱ्यांनी दिशाला सायकल आणली. रोज सकाळी पिवळी गाडी दारात येऊन उभी राहायची, दार उघडायची, बराच वेळ थांबायची. हॉर्नसुद्धा वाजवायची नाही. दिशा पायरीवर बसून आतल्या पोरांकडं बघायची. मग गाडी जायची आणि हेमाली तिचा हात धरून शाळेकडं निघायची. तो हात रोज थोडा जड होत होता.

एकोणतीस तारखेला दीपेश म्हणाला, “अकलोलीला जाऊन येऊ का उद्या? गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ, दर्शन. पोरीचं मन रमेल.”

“उद्याच?”

“सहज आपलं.”

“कोणी सुचवलं?”

तो आंघोळीला निघून गेला. तिनं दिशाला त्या रात्री आपल्या कुशीत घेतलं आणि खोलीला आतून कडी घातली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीला कोंडून. आपण वेड्यासारखं करतोय असं तिला वाटलं, पण कडी काही तिनं काढली नाही.

तीस तारखेला पट मोजायला केंद्रप्रमुख मॅडम आल्या. थकलेली बाई, सकाळपासून तिसरी शाळा होती. पोरं नव्या पंख्यांखाली ओळीत बसली होती. मॅडमनी एकेकाच्या डोक्यावरून पेन फिरवत मोजलं. मध्येच एक पोरगं पाणी प्यायला उठलं, तर भूपेश सरांनी त्याला असं काही खाली बसवलं की ते रडायलाच लागलं.

“वीस,” मॅडम म्हणाल्या.

सरांनी रडणाऱ्या पोराला स्वतः पाणी आणून दिलं.

“बरं झालं, बाई.” मॅडम हेमालीला हळूच म्हणाल्या. “काठावर आहे, पण आहे. मला तरी कुठं हौस आहे शाळा बंद झाल्याचे अहवाल लिहायची? मात्र पुढच्या वर्षी बघा. काठावरच्यांकडं वरून लक्ष असतं.”

घरी परतल्यावर हेमाली सासऱ्यांसमोर गेली. काय ते एकदाचं बोलून टाकतील, असं तिला वाटलं. दौलतशेठ झोपाळ्यावर बसले होते.

“राह्यली ना शाळा?”

“राहिली, मामा.”

“देवीची इच्छा.” त्यांनी खरंच हात जोडले. मग म्हणाले, “माझंच चुकलं सूनबाय. तू बोलत व्हतीस पाड्याचं. रस्ता वायट हाय, पोरं गरीब हायेत. माझ्या ध्यानातच न्हाय आलं. त्यांचा काय गुन्हा, सांग?”

हेमालीला आधी बरं वाटलं. झोपाळ्याच्या दोन झोक्यांनंतर तिला त्या मायेमागची पिवळी गाडी दिसली.

दुसऱ्या सकाळी पिवळी गाडी दारात थांबलीच नाही. दिशा पायरीवरून उठून रस्त्यापर्यंत धावली. गाडी पाड्याच्या कच्च्या वाटेनं वळली होती, धूळ उडवत. हेमाली पोरीचा हात धरून गाडीच्या मागं निघाली. चालत नव्हे, जवळजवळ पळत.

पाड्यावर सण असल्यासारखी गर्दी होती. गाडीचं दार उघडं. ड्रायव्हर खोकी उघडून बूट वाटत होता. ठमाबाई अंगणात नातीचे केस विंचरत बसली होती. तिचा मुलगा आणि सून वीटभट्टीवर असायचे. तीन नातवंडं तीच सांभाळायची. तिघंही शाळेच्या पटावर होती.

“बाय, आलीस?” ठमाबाई उजळ तोंडानं म्हणाली. “बग ना! शेठनं आमच्याकडं बी गाडी धाडली. इंग्लिस शाळा! आता तो रस्ता न्हाय, काय न्हाय. दारात गाडी.”

“ठमाबाई, ऐक. ही गाडी कायमची नाही.” हेमालीला धाप लागली होती. “पुढच्या सप्टेंबरात परत पट मोजतील. तोवर आपली शाळा रिकामी होईल, बंद पडेल. ती बंद पडली की ही गाडी पण बंद. मी स्वतः ऐकलंय. मग पोरं कुठं जाणार? त्या रस्त्यानंच ना?”

ठमाबाईचा फणी धरलेला हात थांबला. तिनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा नातीच्या पायांकडं. नव्या पांढऱ्या मोज्यांत पाय दुसऱ्याच कोणाचे तरी वाटत होते.

“म्हन्जे वरीसभर चालंल.”

“हो, पण...”

“आमचं वरीसभर बी कोन बगतं, बाय?” त्यात टोमणा नव्हता. ती नुसता हिशेब करत होती. मग तिनं हेमालीच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. “पन तू शिकलेली. तूच पोरांना शाळंत घातलंस. तू बोल, नको धाडू, तं न्हाय धाडत. आत्ता बूट परत करते.”

आजूबाजूच्या सगळ्या आया हेमालीकडं बघत होत्या. एक शब्द पुरला असता. नको म्हटलं की सगळी पोरं मागं फिरली असती, भूपेश सरांच्या पोपटी खोलीत ओळीत बसली असती, आणि पुढच्या तीस तारखेला मॅडमचं पेन वीस डोक्यांवरून फिरलं असतं.

दिशा तिचा पदर ओढत होती. “आई, तू म्हणाली होतीस, तीस तारखेनंतर मी म्हणीन तसं.”

ठमाबाईची नात उठली. एका हातात बूट, दुसऱ्या हातात टाय. दोन्ही कसं घालायचं ते तिला माहीत नव्हतं. ती गाडीच्या दाराशी जाऊन थांबली आणि वळून आजीकडं न बघता हेमालीकडं बघू लागली.

हेमाली पुढं झाली. तिनं नातीच्या पायांत बूट घातले, नाड्या बांधल्या, टाय गळ्यात अडकवला. तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर येणार, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

“पायरी उंच आहे,” ती म्हणाली. “धरून चढ.”